हात लावायचा नसेल तर घरात तंबोरा कशाला?

आज सांगलीच्या विश्रामबागेत एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला जाऊन आले. जेवण सुरेख, घर सुरेख, माणसं तर आपलीच. तरी दुपारपासून डोकं फिरलंय ते त्यांच्या हॉलमधल्या तंबोऱ्यामुळे.

टीव्हीशेजारी भिंतीत खास कोनाडा काढलाय, वरून दिवे सोडलेत आणि त्यात मिरजेचा तंबोरा उभा. अस्सल. भोपळ्यावर नक्षी, दांडीवर वेलबुट्टी, पॉलिश असं की तोंड दिसावं. जवळ जाऊन बघते तर तारा लोंबतायत, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, सूत नाही, मणी घरंगळून खाली बसलेले. तेवढ्यात माझ्या चुलतबहिणीची नात धावत आली आणि तिनं तारेला बोट लावलं. लगेच आवाज आला, "ए, हात नाही लावायचा! शोपीस आहे तो!" पोरीनं हात मागं घेतला. रडायला लागली म्हणून तिला मोबाईल दिला. मोबाईलला हात लावलेला चालतो. तंबोऱ्याला नाही.

मी तिथं काही बोलले नाही. शुभकार्यात कशाला. पण इथं बोलणार.

आमचे अण्णा हळदीच्या अडतीत हिशेब लिहायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा शर्टाची कॉलर पिवळी, नखं पिवळी. हातपाय धुऊन चहा झाला की तंबोरा काढायचे. तो त्यांनी मिरजेच्या एका कारागिराकडून हप्त्यानं घेतला होता. भोपळा एका अंगाला जरा बसका होता, म्हणून आधीच्या गिऱ्हाइकानं नाकारलेला. अण्णा काही मोठे गवई नव्हते. आवाज जाड, वरच्या सुरात फाटायचा. पण रोज गायचे. आई भाकऱ्या थापत असायची आणि आतूनच ओरडायची, "अहो, पंचम चढलाय!" म्हणजे 'प'ची तार जास्त ताणली गेलीय. ती कुणाकडं शिकली नव्हती. रोज ऐकून कान तयार झाला होता, बस्स. अण्णा खुंटी जरा सैल करायचे, मग मणी सरकवायचे, पुन्हा छेडायचे आणि आतल्या "हां"ची वाट बघायचे. ते "हां" आल्याशिवाय गाणं सुरू होत नसे.

मला कला म्हणजे काय ते तिथं कळलं. आम्ही भावंडं शेजारी बसून पाढे लिहीत असायचो. गाणं आहे म्हणून कुणी गप्प बसवायचं नाही आणि अभ्यास आहे म्हणून कुणी तंबोरा ठेवून द्यायचं नाही.

आता लोक म्हणतील, अगं, त्यांनी निदान विकत तरी घेतला, कारागिराला चार पैसे मिळाले. बरं, मिळाले. ते मान्य. पण तो कारागीर तंबोरा करतो कसा हे कधी बघितलंय का? पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते वाळवायचे, कापायचे, आतून साफ करायचे. तुणीच्या लाकडाची दांडी. आणि एवढं सगळं झाल्यावर खरं काम राहतंच, ते म्हणजे जवारी लावायची, तार घुमेल अशी घोडी घासून घ्यायची.

अण्णा तंबोरा घेऊन जवारीला मिरजेला जायचे तेव्हा मला न्यायचे. बसमध्ये मांडीवर मी आणि खांद्याला तंबोरा. ते म्हातारे कारागीर घोडी हळूच घासायचे, एक तार छेडायचे, डोळे मिटून ऐकायचे, पुन्हा घासायचे. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवायचे. त्या धाग्याला ते जीव म्हणायचे. नखभर इकडं, नखभर तिकडं करता करता एकदम ती तार अशी घुमायला लागायची की माझ्या अंगावर काटा यायचा. मग ते माझ्याकडं बघून विचारायचे, "आलं का गं?" मी मान हलवली की अण्णांकडं द्यायचे. एवढ्याशा पोरीला विचारायचे! मिरजेच्या त्या कारागिरांच्या गल्लीतली ही घराणी मुळात शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तलवारींचे दिवस गेल्यावर तेच हात सतारी-तंबोऱ्याकडं वळले. दीडशे वर्षांहून जुनी ही कला. ती काय फोकस लाइटखाली लोंबत्या तारा ठेवण्यासाठी?

2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. मीही फॉरवर्ड केलं. दर 5 नोव्हेंबरला आपण नाट्यपंढरी, नाट्यपंढरी म्हणून स्टेटस ठेवतो, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीत मराठी नाटक उभं केलं म्हणून छाती फुगवतो. फुगवायलाच हवी. पण त्याच सांगलीत आज किती घरांत संध्याकाळी कुणी एक पद म्हणतं? नुसतं मिरवून कुठली कला टिकली आहे?

आणि हे तंबोऱ्यापुरतं नाही. रुखवत भाड्यानं मिळतं. रांगोळीचा स्टिकर उंबऱ्याला चिकटवला की वर्षभर बघायला नको. आमची आई चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची, त्यात तिचं कासव दरवर्षी वेगळं यायचं. शेजारच्या काकू येऊन म्हणायच्या, "हे काय, यंदा कासव जाड झालंय." आणि दोघी उकिडव्या बसून ते दुरुस्त करायच्या. स्टिकरमधलं कासव काय दुरुस्त करणार!

मला एक कळतं, की हात लावायचा नसलेल्या वस्तूंसाठी जागा असते. औंधचं भवानी संग्रहालय बघा. आपल्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगरावर, 1938 पासून उभं आहे. मुलं लहान असताना आम्ही नेलं होतं. राजा रविवर्म्याची सैरंध्री आहे तिथं, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. तिथं हात लावू नये, अगदी बरोबर. पण ते संग्रहालय उभं करणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुसते गोळा करणारे राजे नव्हते हो. स्वतः हातात कुंचला धरणारे होते, रामायणाची चित्रं स्वतः काढलेली त्यांनी. राजाला चित्र काढायला कमीपणा वाटला नाही आणि आपल्याला घरात गुणगुणायला लाज वाटते. "आवाज चांगला नाही माझा." अहो, विचारलंय कुणी? अण्णांचा तरी कुठं चांगला होता?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. कारण ज्या वहिनी त्या पोरीला ओरडल्या त्या वाईट नाहीत. उलट लग्नाआधी त्या सुंदर गायच्या, मी ऐकलंय. निघताना मी विचारलं, तंबोरा लावून घेऊ का मिरजेहून, तर म्हणाल्या, "आता कशाला गं, वेळ कुठं मिळतो." आणि त्या कोनाड्याकडं बघायचं त्यांनी टाळलं. मला एकदम वाईट वाटलं. बाईचा दिवस सकाळी डब्यापासून सुरू होतो आणि रात्री ओट्यावर संपतो, हे मला कुणी सांगायला नको. वेळ नाही हे खरंच आहे.

पण मग आईला कुठं होता वेळ? ती पाटावर बसून गात नव्हती. तव्यावरची भाकरी उलटत "पंचम चढलाय" म्हणायची. कामातून उठून जाऊन करायची ती कला तिला माहीतच नव्हती. कुणी तिला दर्ग्याच्या उरुसाला मिरजेला गाणं ऐकायला नेलं की ती वाकळ बरोबर घ्यायची, खाली अंथरून बसायची. ज्या थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं तिथं गाणं होतं ते 1937 सालीच गेलेले. तिनं त्यांना कधी बघितलं नाही. पण त्यांचं नाव घेताना कानाची पाळी धरायची. आणि दुसऱ्या दिवशी ताक करताना रात्री ऐकलेल्या तानेचा अर्धा तुकडा तिच्या तोंडात असायचा.

2005 ला कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा अण्णांनी घरातली पहिली कुठली वस्तू माडीवर नेली असेल? टीव्ही नाही, कपाटातले कागद नाहीत. तंबोरा. आई ओरडत होती, आधी तांदूळ उचला म्हणून. मग तांदूळही गेले वर, पण नंतर. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा अण्णा नव्हते. माझ्या भावानं सांगायची वाट न बघता तेच केलं. दांडीवर जिथं अण्णांची बोटं टेकायची तिथलं पॉलिश निघून लाकूड उघडं पडलंय, आणि नक्षीच्या खाचेत अजून हळद आहे. कितीही पुसलं तरी निघत नाही, आणि आम्ही आता पुसतही नाही. तो तंबोरा कुणाच्या कोनाड्यात शोभणार नाही. पण माझ्या भाचीनं त्याच्यावर सा लावायला शिकून घेतलाय.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो, मोबाईलवर ॲप असतं, रियाजाला सोयीचं आहे, तक्रार नाही. पण ॲपला आतून कुणी "चढलाय" म्हणून हाक मारत नाही, कारण ते कधी चढतच नाही.

म्हणून सांगते. ज्यांच्या घरी तंबोरा, पेटी, टाळ, दिमडी, काहीही शोभेला ठेवलंय त्यांनी ते खाली काढा. वहिनींशी मी उद्या पुन्हा बोलणार आहे. त्यांचा तंबोरा मी स्वतः मिरजेला नेईन, जवारी लावून आणीन, गाडीत पुढच्या सीटवर ठेवून आणीन. नाही म्हणाल्या तर भांडेन.

आणि येत्या गुरुवारपासून आमच्याकडं संध्याकाळी भजन आहे. आवाज कसाही चालेल. मुलांना घेऊन या, त्यांना टाळ देऊ. चहा आणि भडंग आहे. कुणाकडं डग्गा असेल तर घेऊन या, आमच्या डग्ग्याची पुडी फाटलीय.