‘पाप करा, फादरला सांगा, पाटी कोरी’: या फॉरवर्डमधलं काय टिकतं?

उपवासकाळ लागला की एक मजकूर मोबाईलवरून फिरायला लागतो आणि इस्टर उलटला तरी थांबत नाही. सार असं: कॅथलिकांचं बरं आहे, आठवडाभर काहीही करा, शनिवारी फादरच्या कानात सांगा, दहा नमो मरिया म्हणा, पाटी कोरी. मुळात माणूस माणसाला क्षमा करणारा कोण? त्यातही इस्टरनंतरच्या रविवारी, दैवी दयेच्या सणाला, नुसतं चर्चला गेलं तरी सगळी पापं धुतली जातात, कुमसाराचीही (फादरसमोर पापांची कबुली देण्याचीही) गरज नाही. आणि कॅथलिकाने ‘सत्तर गुणिले सात’ वेळा क्षमा करायची असते, म्हणून कोणी फसवलं, मारलं तरी पोलीस नको, कोर्ट नको. यातला पहिला अर्धा भाग बाहेरचे लोक टोमणा म्हणून पाठवतात आणि दुसरा अर्धा आपलेच लोक भक्तिभावाने पाठवतात. नुकसान दुसऱ्याने जास्त होतं.

‘माणूस कोण क्षमा करणारा’ हे आधी उरकून टाकू, कारण त्यात फारसं काही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, 20 व्या अध्यायाच्या 23 व्या वचनात, येशू शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा अधिकार देतो. फादर तो अधिकार वापरतो, पण मालक म्हणून नाही. त्याला स्वतःची पापं स्वतःच्या तोंडाने माफ करता येत नाहीत, त्यालाही दुसऱ्या फादरसमोर गुडघे टेकावे लागतात. 28 मार्च 2014 रोजी पोप फ्रान्सिस सेंट पीटर्स बॅसिलिकात लोकांचे कुमसार ऐकायला बसणार होते. बसण्याआधी ते कॅमेऱ्यांदेखत एका फादरसमोर गुडघ्यांवर आले आणि त्यांनी आपला कुमसार केला.

आता पाटीबद्दल. कुमसार म्हणजे नुसतं सांगणं, ही समजूत इतकी पक्की आहे की कित्येक कॅथलिकही तसंच धरून चालतात. प्रत्यक्षात चार गोष्टी लागतात: मनापासून पश्चात्ताप, पापांची कबुली, फादरने दिलेली पापमुक्ती आणि प्रायश्चित्त. पश्चात्तापातच ‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय धरलेला आहे. धर्मसभेच्या कायद्याचं 987 वं कलम हा निश्चय स्पष्ट शब्दांत मागतं. पुढच्या शनिवारी पुन्हा येऊच, असं ठरवून कोणी गुडघे टेकले, तर तिथे संस्कार होत नाही. फादरने ओळखलं तर तो पापमुक्ती देणार नाही किंवा लांबणीवर टाकेल. त्याने ओळखलं नाही तरी देवाला फसवता येत नाही, आणि वर आणखी एक पाप खात्यावर चढतं. पुन्हा घसरण्याची भीती वाटणं मात्र वेगळं. दारू सोडू पाहणाऱ्याला ती वाटणारच, आणि त्या भीतीने निश्चय खोटा ठरत नाही.

कबुलीचेही नियम आहेत. गंभीर पाप असेल तर ते कोणतं आणि साधारण किती वेळा, हे सांगावं लागतं. गंभीर कधी? बाब मोठी हवी, ती चुकीची आहे हे पुरतं माहीत हवं आणि ती राजीखुशीने केलेली हवी. तिन्ही असतील तरच. लोक इथे दोन टोकांना चुकतात. कोणी म्हणतो, ‘फादर, सगळीच पापं झाली बघा,’ म्हणजे एकही सांगत नाही. कोणी सासूची, सुनेची, शेजाऱ्याची पापं इत्थंभूत सांगून उठतो. एखादं गंभीर पाप जाणूनबुजून दडवलं तर सगळाच कुमसार फुकट जातो आणि पुढच्या वेळी तो पहिल्यापासून करावा लागतो. विसरलं असेल तर काळजी नको. ते माफ झालेलंच असतं, आठवेल तेव्हा पुढच्या कुमसारात सांगायचं.

‘पाटी कोरी’ खरी कुठे फुटते ते पाहू. समजा एकाने वाडीचा बांध रातोरात दोन हात पुढे सरकवला आणि भावाचे तीन माड आपल्यात घेतले. दहा वर्षांनी त्याला उपरती होते आणि तो कुमसाराला येतो. फादर दहा नमो मरिया देईल, पण त्याआधी विचारेल, ‘बांध मागे घेणार का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर पश्चात्तापच नाही, आणि पश्चात्ताप नाही तर पापमुक्तीही नाही. उत्तर ‘हो’ असेल तर नुसता बांध मागे घेऊन भागत नाही. माल आपला नाही हे माहीत असून तो वापरला, म्हणून दहा वर्षांच्या नारळांचा हिशोबही द्यावा लागतो. भाऊ वारला असेल तर ते त्याच्या वारसांचं. मालक सापडतच नसेल तर गरिबांना द्यायचं. हातात एकरकमी पैसा नसेल तर हप्त्याने चालतं, मात्र पहिला हप्ता लगेच हवा, ‘बघू’ चालत नाही. स्वतःच्या तोंडाने ‘मी चोर’ म्हणण्याची सक्ती नाही, विश्वासातल्या माणसाच्या हस्ते गुपचूप परत केलं तरी चालतं. कॅथलिक कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मसभेच्या शिकवणुकीच्या अधिकृत पुस्तकाच्या, 1459 व्या परिच्छेदात हे ठसठशीत लिहिलेलं आहे: चोरलेलं परत करा, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू भरून द्या, इजेची भरपाई करा. पापमुक्ती पाप काढते, पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही.

अब्रूचं प्रकरण पैशापेक्षा किचकट असतं. ग्रुपवर एखाद्या मुलीबद्दल खोटं लिहिलं आणि तिचं जमत आलेलं लग्न मोडलं. मेसेज डिलीट करून हे फिटत नाही. त्याच ग्रुपवर, त्याच लोकांसमोर ‘मी लिहिलं ते खोटं होतं’ असं लिहावं लागतं. पण लिहिलं ते खरं असेल, फक्त उघड करण्याचं कारण नसेल, तर? तेव्हा ‘खोटं होतं’ म्हणणं हेच आणखी एक खोटं. मग त्या मुलीचं जे चांगलं माहीत आहे ते मनापासून बोलायचं आणि विषय पुन्हा उकरायचा नाही. पैशाचा हिशोब एकदा संपतो, हा संपत नाही.

टीकाकारांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही: गुन्हेगार कुमसारात कबूल करतो आणि फादर गप्प बसतो. खरं आहे, फादर बोलू शकत नाही. कुमसाराची गुप्तता त्याने थेट मोडली तर तो त्या क्षणी धर्मसभेतून बहिष्कृत होतो. ‘आधी पोलिसात हजर हो, मगच पापमुक्ती’ अशी अटही त्याला घालता येत नाही. 2019 साली व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शियरीने, म्हणजे कुमसार आणि पापमुक्तीचे प्रश्न पाहणाऱ्या कार्यालयाने, हे लेखी सांगितलं. त्याच टिपणात पुढे असंही आहे की खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा ठाम निश्चय हवाच. आणि कुमसाराला आलेली व्यक्ती अत्याचार सोसलेली असेल, तर तिचे हक्क कोणते आणि तक्रार कुठे करायची हे फादरने तिला सांगावं. अर्धं टिपण पुढे पाठवायचं आणि अर्धं गिळायचं, हे दोन्ही बाजूंनी चालतं.

आता दैवी दयेचा रविवार. ही भक्ती पोलंडच्या सिस्टर फाउस्तिना कोवाल्स्का यांच्यापासून पसरली. जन्म 1905, मृत्यू 1938, वय अवघं 33. 1959 साली रोमने त्यांनी सांगितलेल्या स्वरूपातली ही भक्ती पसरवायला बंदी घातली होती, ती 1978 साली उठली. 30 एप्रिल 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केलं आणि इस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा म्हणून जाहीर केला. फाउस्तिनांच्या रोजनिशीत ज्या वचनावर हा फॉरवर्ड उभा आहे, त्यातच कुमसार आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) या दोन्ही गोष्टी आहेत. ‘कुमसाराची गरज नाही’ हे कुठून आलं, ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

गोंधळ होतो तो दंडमाफी, म्हणजे इंडल्जन्स, या शब्दामुळे. पाप माफ झाल्यावरही उरतो त्या दंडाची ही माफी. वसईकडच्या बावखलात, म्हणजे गावच्या तळ्यात, कोणी वर्षभर कचरा टाकला. मालकाने माफ केलं, बोलणं सुरू झालं, तरी तळाचा गाळ राहतोच आणि तो उपसावा लागतो. पापाची क्षमा म्हणजे मालकाची माफी, आणि दंडमाफी म्हणजे गाळ उपसायला सगळ्या गावाने हात लावणं. माफीच मागितली नसेल तर गाव उपसायला येईल कशाला? व्हॅटिकनच्या 2002 च्या आदेशाप्रमाणे त्या रविवारी पूर्ण दंडमाफीसाठी एवढं लागतं: कुमसार, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना (एक ‘आमच्या बापा’ आणि एक नमो मरिया पुरते), आणि चर्चमध्ये किंवा चॅपेलमध्ये दैवी दयेच्या प्रार्थनेत भाग घेणं. तसा कार्यक्रम नसेल तर पवित्र साक्रामेंतासमोर (चर्चमध्ये ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादासमोर) ‘आमच्या बापा’, विश्वासांगीकार आणि दयाळू येशूला एखादी छोटी प्रार्थना. कुमसार त्याच दिवशी हवा असं नाही, आधी किंवा नंतर साधारण 20 दिवसांत चालतो. त्यामुळे त्या दुपारी रांगेत घामाघूम होऊन चिडचिड करण्याचं कारण नाही. मनात गंभीर पाप असेल तर मात्र ख्रिस्तप्रसादाआधीच कुमसार. या सगळ्यांहून अवघड अट शेवटची: कोणत्याही पापाची, अगदी किरकोळ पापाचीही, ओढ मनात उरता कामा नये. ती पुरी झाली नाही तर दंडमाफी पूर्ण न होता आंशिक राहते. ही दंडमाफी स्वतःसाठी किंवा मृतांसाठी घेता येते, दुसऱ्या जिवंत माणसासाठी नाही. आणि पैसे? पैसे घेऊन दिलेल्या दंडमाफ्या पोप पायस पाचवे यांनी 1567 सालीच रद्द केल्या. दुपारी 3 ची दैवी दयेची माळ म्हणून नऊ जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल, या धमकीला भक्ती म्हणता येत नाही. ती शुद्ध अंधश्रद्धा.

उरली ‘सत्तर गुणिले सात’ची गोष्ट. हे वचन मत्तयच्या 18 व्या अध्यायातलं आहे. त्याच अध्यायात सातच वचनं आधी येशू सांगतो, भावाने अपराध केला तर त्याला एकांतात गाठून बोल, ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीपुढे सांग. गप्प बसा असं त्यात कुठेच नाही. पुढे दाखला येतो: दहा हजार तालांतांचं कर्ज माफ झालेला नोकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झाली आणि शंभर दिवसांची सोडवेना. दाखल्याचा रोख सूड घेणाऱ्यावर आहे, न्याय मागणाऱ्यावर नाही.

13 मे 1981 रोजी मेहमेत अली आजा याने पोप जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपनी हॉस्पिटलमधून त्याला जाहीर क्षमा केली. तरी खटला चालला, जन्मठेप झाली, आणि 1983 च्या नाताळानंतर पोप त्याला भेटायला गेले तेही तुरुंगातच. आपल्या जवळचं उदाहरण इंदूरचं. गरिबांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून ओढून हत्या झाली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि 2006 साली तो सुटला. क्रम लक्षात घ्या: आधी खटला आणि शिक्षा, मग राखी, मग दयेचा अर्ज.

म्हणूनच नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीला ‘कॅथलिक आहेस, क्षमा कर आणि परत जा’ असं कोणी सांगत असेल, तर त्याला धर्मसभेच्या कायद्याचं 1153 वं कलम दाखवावं. जोडीदारापासून स्वतःच्या किंवा मुलांच्या जिवाला, मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा हक्क आहे, आणि थांबण्यात धोका असेल तर बिशपच्या परवानगीचीही वाट पाहायची नाही. लग्न त्याने मोडत नाही, एकत्र राहण्याचं बंधन थांबतं.

राहता राहिलं मनातलं. जे झालं ते विसरलं जात नाही, रागही जात नाही, मग क्षमा झाली का? कॅटेकिझम 2843 व्या परिच्छेदात मान्य करतो की न दुखणं आणि विसरणं आपल्या हातात नाही. हातात आहे ते एवढं की त्याचं वाईट चिंतायचं नाही आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची. सुरुवातीला रोज एक ‘आमच्या बापा’, त्या माणसाचं नाव घेऊन. त्या प्रार्थनेतल्या ऋण सोडण्याच्या, म्हणजे दुसऱ्याला क्षमा करण्याच्या, ओळीपाशी जीभ अडखळेल. अडखळली तर तिथे थांबून पुन्हा पहिल्यापासून म्हणावी.