मशीन कुणी बनवलं, तेही दर्शनी बाजूला लिहा

गेल्या महिन्यात आमचं वॉशिंग मशीन उघडावं लागलं. मेकॅनिक उघडत होता, मी शेजारी टॉर्च धरून उभी. स्पिन सुरू झालं की गिरणीसारखी घरघर यायची. ड्रमचं बेअरिंग गेलं होतं, तेही चौथ्या वर्षी. मशीनवरचं नाव मी लहानपणापासून स्वयंपाकघरात बघत आले आहे. त्या नावाचा आईचा मिक्सर वीस वर्षं चालला. दुकानात चार मशीनं ओळीने उभी होती आणि मी हेच निवडलं ते त्या मिक्सरच्या भरवशावर. मेकॅनिकने मागचं पॅनल काढलं, आतल्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हे त्यांनी बनवलेलंच नाही." पट्टीवर वेगळ्याच कंपनीचं नाव होतं.

बेअरिंग झिजलं याचा मला राग नाही. झिजणारी वस्तू आहे, झिजते. राग याचा आहे की मी ज्याच्यावर विश्वास टाकला, तो हे मशीन बनवताना तिथे नव्हताच.

मग मी या नावांच्या मागे लागले. किचनएड घ्या, नावातच स्वयंपाकघर. 1919 साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या होबार्ट कंपनीने घरगुती मिक्सरसाठी ते नाव काढलं. 1986 मध्ये व्हर्लपूलने ते विकत घेतलं आणि पुढे ते वॉशिंग मशीनवरही आलं. आता गंमत नाही, गंभीरपणे सांगते: व्हर्लपूलची सुरुवातच 1911 साली कपडे धुण्याच्या यंत्रापासून झाली. म्हणजे धुण्यात मुरलेल्या कंपनीने मशीन बनवलं आणि दारावर मिक्सरचं नाव लावलं. ज्याचा अनुभव खरा होता, त्याचंच नाव झाकलं गेलं. मॅजिक शेफ हे तर शेगडीचं नाव, 1929 पासूनचं. तेही कपडे धुवायला आलं.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती फ्रिजिडेअरची गोष्ट. नाव थंडाव्याचं, धंदा फ्रिजचा, 1919 पासून मालक जनरल मोटर्स. त्यांनी 1947 मध्ये वॉशिंग मशीन काढलं आणि ते नुसतं नावापुरतं नव्हतं. बहुतेक इतरांचा अ‍ॅजिटेटर, म्हणजे कपडे घुसळणारा मधला खांब, उजवीकडे-डावीकडे फिरायचा, यांचा वर-खाली हलायचा. फ्रिजवाल्यांनी स्वतः डोकं चालवून स्वतःच्या कारखान्यात बनवलेलं यंत्र होतं ते. अशा मशीनवर फ्रिजचं नाव असायला माझी काहीच हरकत नाही. 1979 मध्ये जनरल मोटर्सने हे नाव व्हाइट कन्सॉलिडेटेड या दुसऱ्या कंपनीला विकलं. कारखाना मात्र विकला नाही, तिथे पुढे पिकअप ट्रक बनू लागले. वर-खाली हलणारी ती यंत्रणा बंद झाली. नाव मात्र मशीनवर तसंच राहिलं. आधीचं मशीन वापरून खूश झालेली एखादी बाई दुसऱ्यांदा त्याच नावाचं मशीन घ्यायला गेली असेल, तर तिच्या हाती काय आलं? अक्षरं तीच, आतलं सगळं परकं. तिला हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय, मोटर ती मोटर. नाही हो. मिक्सर, शेगडी, फ्रिज यांतलं कौशल्य वेगळं आणि ड्रमचं वेगळं. साधा हिशेब करून बघा. साधारण अर्धा मीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 1200 फेरे घेतो, तेव्हा कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या चारशे पटींच्या आसपास जोर येतो. पाव किलोचा ओला टॉवेल त्या क्षणी 100 किलोंच्या आसपास भार टाकतो. कपडे एका बाजूला गोळा झाले की तो तोल बेअरिंग, ड्रमला मागून धरणारा स्पायडर, स्प्रिंगा आणि हादरे शोषणारे डँपर यांना सांभाळावा लागतो, वर्षानुवर्षं, साबणाच्या पाण्यात. वीस वर्षं टिकलेला मिक्सर यातलं काहीही सिद्ध करत नाही. हे मला मशीन घेण्याआधी कळायला हवं होतं.

म्हणून स्वयंपाकघरातल्या कंपनीने धुण्याकडे वळू नये असं मी अजिबात म्हणत नाही. जर्मनीतली मीले 1899 मध्ये सुरू झाली ती दुधातली साय वेगळी करणाऱ्या यंत्रांवर. 1901 मध्ये त्यांनी लोणी काढायच्या घुसळणीवरून कपडे धुण्याचं लाकडी यंत्र काढलं. घुसळणं तेच, आत दह्यादुधाऐवजी कपडे! ही वाट शिकून चाललेली आहे. माझी तक्रार उसन्या नावाबद्दल आहे.

आणि कुणी बनवलं हे सांगता येत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या सिअर्स या दुकानांच्या साखळीचा केनमोर ब्रँड बघा. ब्रँड दुकानाचा, मशीनं इतरांकडून बनवून घेतलेली. पण मॉडेल नंबरातल्या टिंबाआधीचे तीन आकडे बनवणाऱ्याची खूण असायचे. 110 म्हणजे व्हर्लपूल. दुरुस्ती करणाऱ्यांना हे पाठ असायचं. माझं म्हणणं एवढंच, की ज्याने पैसे मोजले त्यालाही ते सरळ अक्षरांत वाचता यावं. ब्रँडचं नाव मोठं लिहा, पण खाली त्याच दारावर "बनवणार अमुक" असं लिहा. सुट्टे भाग कुणाकडे आणि किती वर्षं मिळतील, तेही.

याचा उपयोग मी स्वतः अनुभवलाय. ड्रमभोवतीचा टब सीलबंद असल्यामुळे बेअरिंगसाठी पूर्ण टबच बदलायचा होता. दारावरच्या नावाच्या सर्व्हिस सेंटरने तीन आठवडे "पार्ट यायचाय" एवढंच ऐकवलं. मेकॅनिकने पट्टीवरच्या कंपनीच्या नावाने मागवला, तर दोन दिवसांत हजर. तीन आठवडे आम्ही चादरी हाताने पिळल्या, कारण चुकीच्या माणसाला फोन करत होतो.

मशीन आता नीट चालू आहे. त्या ओळखीच्या नावाखाली मी एक कागदी टेप चिकटवली आहे. तिच्यावर मार्करने खऱ्या कंपनीचं नाव, मॉडेल नंबर आणि टब बदलल्याची तारीख लिहिली आहे. तुमच्याकडे फ्रंट लोड असेल तर दाराच्या चौकटीवर किंवा मागच्या बाजूला पट्टी शोधा. कधी तिथे बनवणाऱ्याचं नाव असतं, कधी फक्त विकणाऱ्याचं. सापडलं तर आत्ताच फोटो काढून ठेवा.