नवा अल्बम येईपर्यंत

इंदूरच्या माणसाला थांबायचं कसं हे कुणी शिकवायला नको. नर्मदेचं पाणी १९७८ पासून जलूदहून आमच्यापर्यंत येतं आणि नळाला येतं ते एक दिवसाआड. पिंपं, टाक्या, वेळेला कुकरसुद्धा भरून ठेवायचा आणि मधला दिवस काढायचा, ही तालीम घरोघरी झालेली. त्यात आमचे अमीर खाँसाहेब. अतिविलंबित झुमरा ताल, मात्रा चौदा, आणि एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण-एक मिनिट. नवख्याला वाटतं तबलजी चहाला गेला. जाणत्याला ठाऊक असतं की सम येणार आहे; तोवर फक्त घड्याळाकडे बघायचं नाही.

एवढी तयारी असूनही दोन अल्बमच्या मध्ये पंधरा-पंधरा वर्षं घेणाऱ्या मंडळींपुढे आमची जमात हात टेकते. गन्स एन रोझेस या अमेरिकन बँडनं १९९३ला दुसऱ्यांची गाणी गाऊन एक अल्बम काढला आणि त्यानंतरचा ‘चायनीज डेमोक्रसी’ आला २३ नोव्हेंबर २००८ला. झुमऱ्याच्या हिशोबानं मधे सुमारे ७९ लाख आवर्तनं गेली. त्याच वर्षी एका शीतपेयवाल्यांनी जाहीर केलं होतं, की हा अल्बम यंदा खरंच आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एकेक बाटली फुकट. अल्बम आला, कूपनांसाठी झुंबड उडाली आणि त्यांची वेबसाइट बसली. सराफ्यातल्या शिकंजीवाल्यानं असली पैज कधीच लावली नसती. तो गिऱ्हाइकाला ओळखतो.

वाट बघणाऱ्याला पहिला रोग जडतो तो गणिताचा. बोस्टन नावाच्या बँडचे अल्बम १९७६, १९७८, १९८६, १९९४ आणि २००२ सालचे. आठ, आठ, आठ अशी सरळ चाल दिसल्यावर कुठलाही शहाणा माणूस पुढचं साल २०१० काढेल. आला २०१३ला. त्यांचा टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेला इंजिनिअर, पहिला अल्बम बराचसा घराच्या तळघरात स्वतःच ध्वनिमुद्रित केलेला. अशा माणसाच्या हातात स्क्रू आणि वेळ दोन्ही दिलं की काय होतं, हे ज्यांच्या घरात निवृत्त इंजिनिअर आहे त्यांना सांगायला नको. गायिका केट बुशची बारा वर्षं (१९९३ ते २००५), टूल बँडची तेरा (२००६ ते २०१९), माय ब्लडी व्हॅलेंटाइन बँडची एकवीस आणि वर काही महिने. स्वीडनच्या आबा बँडची जवळजवळ चाळीस. आपल्या इंडियन ओशननं ‘तांदानू’ २०१४ला काढला आणि ‘तू है’ २०२३ला, पण त्यांना आम्ही काही बोलत नाही. ‘मा रेवा’ त्यांनीच गायलं, आणि रेवेचं, म्हणजे नर्मदेचं, पाणी पितो त्यानं तोंड सांभाळावं. देवासला कुमारजींचं गाणं क्षयामुळे पाचेक वर्षं बंद होतं, ते थांबणं तर वेगळंच. त्याला या रांगेत बसवायचं नाही.

लोकांचा समज असा, की वाट बघायची म्हणजे नुसतं बसायचं. चूक. नवा अल्बम येईपर्यंत जुना वाजता राहायला हवा, आणि जुना म्हणजे कॅसेट. चाहत्याची खरी परीक्षा तिथे असते.

कॅसेटचा आवाज अचानक गोधडीतून आल्यासारखा झाला, तर गायकाला किंवा स्वतःच्या कानांना दोष देण्याआधी कॅसेटची खालची उघडी बाजू बघावी. मधोमध तांब्याच्या पातळ पट्टीवर फेल्टचा एक तुकडा असतो, नखाएवढा. टेपला हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरायचं काम त्याचं. वीस-पंचवीस वर्षांत त्याचा गोंद वाळतो आणि तो कॅसेटच्या पोटात कुठेतरी जाऊन पडतो. उपाय सोपा. एखादी कुचकामी कॅसेट बळी द्यायची (घरात लग्नाच्या बँडची किंवा इंग्रजी संभाषणाची एक तरी असतेच), तिचे पाच स्क्रू उघडायचे आणि पट्टीसकट फेल्ट काढून इकडे बसवायचं. कॅसेटला स्क्रूच नसतील तर ती चिकटवून बंद केलेली असते. मग कडेच्या फटीतून पातळ पातं हळूहळू फिरवावं लागतं, आणि रिळं नव्या खोक्यात हलवावी लागतात. या वेळी पंखा बंद ठेवावा. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये नव्वद मीटर टेप असते आणि ती एकदा सुटली की राजवाड्यापर्यंत जाते.

टेप तुटली तर सेलोटेप लावू नये. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. सेलोटेपचा गोंद मे महिन्यात पाझरतो, शेजारच्या थराला चिकटतो आणि एका तुटीच्या तीन होतात. टेप जोडायची वेगळी पट्टी मिळते. ती मागच्या, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूनं लावायची, आणि टोकं तिरकी कापायची म्हणजे जोड ‘टक्’ असा वाजत नाही. सैल रीळ आवळायला सहा कोनी पेन्सिलच घ्यावी. गोल पेन्सिल नुसती गरगरते, टेप जागची हलत नाही.

जुलै-ऑगस्टात टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट तशीच वाजवली की बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला, थेट भीमसेन जोशींपर्यंत. बुटाच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फडताळात ठेवाव्यात. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत. त्यांच्या वाफेनं कॅसेटच्या पारदर्शक डब्या मऊ पडतात. ज्या घरात हे साड्यांच्या कपाटात ठेवलेलं असतं, तिथे हा विषय कसा काढायचा ते ज्याचं त्यानं बघावं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी एवढा शाईखर्च केला. पंधरा वर्षं न वाजवता ठेवलेली कॅसेट लावा आणि गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत कान द्या. गाण्याची पहिली ओळ अगदी पुसट ऐकू येते आणि दीड-तीन सेकंदांनी तीच खणखणीत. भुताटकी नव्हे. रिळावर टेपचे थर एकमेकांना चिकटून असतात. मोठ्या आवाजाच्या जागेचं चुंबकत्व शेजारच्या थरावर हलकंसं उमटतं, आणि रिळाचा एक वेढा जितका लांब तितके सेकंद आधी ते वाजतं. टेप जितकी पातळ तितकं हे जास्त, म्हणून नव्वद मिनिटांची कॅसेट साठवाल्या कॅसेटपेक्षा लवकर उमटते. उन्हाळ्यानं आणखी भर पडते. वर्षातून दोनदा कॅसेट पूर्ण पुढे-मागे फिरवून ठेवली की हा प्रकार कमी होतो. पण काही लोक मुद्दाम फिरवत नाहीत. सबंध कारकीर्दीत या कलावंताचं काहीतरी वेळेच्या आधी आलं, ते एवढंच.

यंत्राचं दुखणं निराळं. सगळी गाणी दारू प्यायल्यासारखी झुलायला लागली, तर आतला रबरी पट्टा सैल झालाय. अजून काही वर्षं दुर्लक्ष केलं, तर तो पट्टा वितळून काळा डांबरासारखा चिकटा होतो. मग तो चाकांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काड्यांनी खरवडून काढायचा आणि चार दिवस काळी बोटं घेऊन हिंडायचं. नवा पट्टा आणताना जुना सोबत नेऊन उपयोग नाही, कारण तो ताणलेला किंवा वितळलेला. ज्या चाकांवरून पट्टा फिरतो त्यांच्याभोवती दोरा फिरवावा, लांबी मोजावी आणि त्याहून पाच ते दहा टक्के आखूड पट्टा मागावा. जेल रोडला हे सांगितलं की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग म्हणतो, “भिया, मोबाइल का कवर दिखाऊँ?” डगमगू नये. मागच्या बाजूला, खोक्यांच्या खाली, त्याच्याकडे पट्टे असतात.

सीडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती मधून बाहेर अशी पुसायची, गोल गोल नाही. जपायची ती छापील बाजू, कारण गाण्याचा थर तिथे, रोगणाच्या पातळ मुलाम्याखाली असतो. चकचकीत बाजूला निदान वर प्लास्टिक तरी जाड आहे. आणि आता मोबाइलवरचं गाणं. तिथे बुरशी लागत नाही, पण हक्कांचे करार बदलले की अल्बम एका रात्रीत नाहीसा होतो. स्पॉटिफायवर उतरवून ठेवलेली गाणीसुद्धा तीस दिवसांतून एकदा नेटला जोडली नाहीत तर गप्प बसतात. आपलं म्हणून भरून ठेवलेलं पिंप, आणि झाकणाची किल्ली शेजाऱ्याकडे.

बाकी त्रास माणसांचा. घरोघरच्या मावश्या पोह्यांवर शेव भुरभुरता भुरभुरता विचारतात, “काय रे, तुझा तो बाबा अजून गातच नाही? बरं नाही का त्याला?” याला उत्तर नसतं. “मिक्सिंग चालू आहे,” म्हणावं. मावशींना ते स्वयंपाकघरातलं वाटतं आणि सहा महिने निभावतात.

आणि मग एके दिवशी तो येतोच, बहुधा भलत्या वेळी. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘एम बी व्ही’ २ फेब्रुवारी २०१३ला रात्री उशिरा, लंडनच्या घड्याळानं मध्यरात्रीच्या सुमारास आला. आपल्याकडे रविवारची पहाट, पोह्यांच्या कढया नुकत्याच चढत होत्या. जगभरचे चाहते एकदम तुटून पडले आणि त्यांचीही वेबसाइट बसली. एकवीस वर्षांहून जास्त थांबलेल्या माणसाला आणखी दोन तास थांबवत नाही, हा आमच्या जमातीचा दोष आहे खरा. त्या दोन तासांत जिलबी गार होते.

आबानं चाळीस वर्षांनी ५ नोव्हेंबर २०२१ला ‘व्हॉयेज’ काढला. मोबाइलवर आला, सीडीवर आला, तबकडीवर आला आणि कॅसेटवरसुद्धा आला. गाण्यांत रस असलेल्यांनी गाणी ऐकली. आमच्यातले जे “आता कोण कॅसेट काढतंय” म्हणून आपला डेक भंगारवाल्याला देऊन बसले होते, ते त्या आठवड्यात जुन्या डेकच्या शोधात. मिळाला तर त्याचा पट्टा नक्की वितळलेला असणार. दोरा घरूनच मोजून न्या.