‘शुगर असली तरी फॉर्मवर लिहू नका’ हा सल्ला ऐकू नका

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मेडिक्लेम घेताना शुगर, बीपी असलं तरी फॉर्मवर ‘नाही’ लिहा, खरं सांगितलं तर पॉलिसी मिळत नाही, कंपनीला काही कळत नाही, आणि पाच वर्षं हप्ते भरले की क्लेम नाकारताच येत नाही, असं त्यात म्हटलंय. शेवटी पुस्ती जोडलीय की सरकारी योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना मिळतात. ज्यांच्या घरी दर महिन्याला औषधांचं बिल येतं त्यांनाच हा सल्ला पटतो, आणि त्यांचंच त्यात सर्वात जास्त नुकसान आहे.

पाच वर्षांची गोष्ट आधी घेऊ, कारण ती अर्धी खरी आहे. विमा नियामक आयआरडीएआयनं २०२४ मध्ये ही मुदत आठ वर्षांवरून सलग ६० महिन्यांवर आणली. पण फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही क्लेम नाकारता येतो, हे त्याच नियमात आहे. रोज गोळी घेत असताना ‘मधुमेह नाही’ असं लिहून खाली सही केली, तर कंपनी त्याला काय म्हणेल? मध्येच पॉलिसी बंद पडली तर सलगता तुटते. विम्याची रक्कम पाच लाखांवरून दहा केली तर वाढीव पाच लाखांसाठी ६० महिने नव्यानं मोजले जातात.

मेसेजमध्ये जे नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. २०२४ च्याच नियमांनुसार, सांगितलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. आधी तो ४८ होता. म्हणजे खरं लिहिलं तर फार तर तीन वर्षांनी त्या आजाराचा खर्च हक्कानं मिळतो. लपवलं तर पाच वर्षं धाकधूक आणि त्यापुढेही शंका. शिवाय सुरुवातीचे ३० दिवस सोडले तर डेंग्यूसारख्या वेगळ्या आजारासाठी या तीन वर्षांतही क्लेम करता येतो. लपवलेली गोष्ट मात्र डेंग्यूच्या क्लेममध्ये उघड झाली तरी पॉलिसीच रद्द होऊ शकते.

‘कंपनीला कळत नाही’ म्हणणाऱ्यानं रुग्णाला दाखल करतानाची विचारपूस ऐकलेली नसावी. शुगर आहे का, किती वर्षांपासून, कोणत्या गोळ्या? घरच्यांनी खरंच सांगायला हवं, कारण भूल आणि औषधं त्यावर ठरतात. ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ ही नोंद केस पेपरवर येते, तिथून डिस्चार्ज कार्डवर, आणि तिथून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे. फॉर्मवरचं खोटं सांभाळायला कुणी डॉक्टरांपासूनही आजार लपवू लागलं, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. या मेसेजचा मला खरा राग येतो तो यासाठी.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. २००९ च्या प्रकरणात पॉलिसी घेताना जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार सांगितला नव्हता. क्लेम नाकारणं न्यायालयानं योग्य ठरवलं. २०२१ च्या प्रकरणात प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेणाऱ्यानं मधुमेह आधीच सांगितला होता. अमेरिकेत उतरताच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीनं क्लेम नाकारला. मधुमेह माहीत असूनच पॉलिसी दिली होती, आता त्याच कारणानं हात झटकता येणार नाहीत, असं म्हणत न्यायालयानं कंपनीला पैसे द्यायला लावले.

खरं सांगितलं तर पॉलिसी मिळत नाही, यात काही अंशी तथ्य आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या माणसाला खासगी कंपन्या अनेकदा नकार देतात. पण आटोक्यातल्या शुगर-बीपीसाठी बहुतेक वेळा जादा प्रीमियम किंवा प्रतीक्षा काळ लावून पॉलिसी मिळते. एका कंपनीनं नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारा. प्रीमियम महाग आहे हे कबूल. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. नोकरीतल्या गटविम्यात जुने आजार अनेकदा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, तो आधी तपासा.

पिवळ्या-केशरी कार्डाची माहिती जुनी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे आणि जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. डायलिसिसही त्यात येतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. खासगी विमा असला तरी ते काढता येतं. रोजच्या गोळ्या मात्र बहुतेक पॉलिसींत येत नाहीत. त्यासाठी जनऔषधी दुकानात त्याच घटकाची गोळी विचारा.

ज्यांनी आधीच ‘नाही’ लिहिलंय, किंवा ज्यांच्या वतीनं एजंटनं लिहिलंय, त्यांनी कंपनीला आता लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. प्रीमियम वाढेल, प्रतीक्षा काळ लागेल, कदाचित पॉलिसी रद्दही होईल, पण हे आयसीयूच्या दारात कळण्यापेक्षा आज कळू द्या. आणि सगळं खरं सांगूनही क्लेम नाकारला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही आणि वकीलही लागत नाही.