पहिली बादली
नळाला पाणी दिवसाआड येतं अशी तक्रार करणाऱ्या लहान गावातल्या लोकांना कुरकुरायची सवयच असते, असं एका लेखात म्हटलंय. अजिबात पटलं नाही. पाणी दिवसाआड येणं ही नुसती गैरसोय नाही. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब उतरतो आणि जिथे सांधा गळतो तिथूनच शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. म्हणून पहिली बादली गढूळ येते, वास मारते, तळाला बोटाला लागेल इतका गाळ बसतो. तरी लोक ती ओतून देत नाहीत, कारण पुढची मिळेल याची खात्री नसते. नळाशी पोचलेल्या पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तपासायला काही मिनिटं पुरतात. गावच्या कारभाऱ्यांनो, रस्ते, दिवे नंतर बघा. आधी नळाच्या पाण्यात मोजलेल्या क्लोरीनचा आकडा रोज चौकातल्या फळ्यावर लिहा.