‘कागदावर आखून कापणारा शिंपी कुठे पाहिलात?’ या प्रतिक्रियेला उत्तर

गोव्यातल्या साखळीहून लिहिणाऱ्या ताई, नमस्कार.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: शिवणवर्गांवरच्या लेखात कागदी पॅटर्न (कपड्याच्या मापाचा कागदी साचा) आणि किमतीचा हिशेब यांवर दिलेला भर पुस्तकी आहे. गावातला शिंपी थेट कापडावर खडू मारतो आणि कपडा बसतोही. शिवाय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साडेतीनशेला कुर्ती मिळत असताना वर्ग संपवलेल्या मुलीकडून हजाराची कोण घेणार?

शिंप्याचे खरे आहे. गिऱ्हाईक समोर, कपडा एकच, ट्रायलमध्ये घट्ट वाटला तर बाजूची इंचभर माया (शिलाईच्या आत ठेवलेले जादा कापड) सोडायची. तिथे कागदावाचून काही अडत नाही. अडते ते दुकानदार ‘हीच कुर्ती ३६, ३८, ४० मध्ये चार-चार द्या’ म्हणतो तेव्हा. प्रत्येक वेळी नव्याने आखलेल्या बारा नगांत गळे सारखे येत नाहीत, मुंढे (बाही जोडायची जागा) वरखाली होतात आणि माल परत येतो. वर्गात शिकवतात एका अंगाचा एक कपडा. धंद्याला लागतो तोच कपडा पुन्हा तसाच.

३६ छातीच्या कुर्तीला ३ इंच ढिलाई धरली तर ३९ चा चौथा भाग पावणेदहा इंच, माया वेगळी. ३८ साठी हा चौथा भाग अर्ध्या इंचाने वाढतो, पण खांदा तेवढा वाढवायचा नसतो. सगळीकडे सरसकट अर्धा इंच वाढवला की ४० ची कुर्ती खांद्यावरून घसरते. बाहीचेही तसेच. टेप उभी धरून शिलाईच्या रेषेवरून मुंढा मोजा आणि बाहीच्या वरच्या टोकाची गोलाई मोजा. कापलेल्या कडेवरून नको. गोलाई अर्धा ते एक इंच जास्त हवी. कमी पडली तर हात वर केल्यावर अख्खी कुर्ती ओढली जाते, जास्त झाली तर खांद्यावर चुण्या येतात. हे कागदावर एकदाच दुरुस्त होते. कापडावर दर वेळी करावे लागते, आणि तेही कापून झाल्यावर कळते. कागदावर कापडाचा उभा धागा कुठे यावा ती रेषा मात्र विसरू नका, नाहीतर धुतल्यावर बाही पिळते.

रेयॉन असेल तर हातकात्रीने चारपेक्षा जास्त थर एकदम कापू नयेत. कापड सरकते आणि खालच्या थरांचे माप बदलते. सुती कापडाचा ५० सेंटीमीटरचा चौकोन आखून धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. साडेअठ्ठेचाळीस भरला तर आटणे ३ टक्के, म्हणजे ४२ इंची कुर्ती सव्वा इंचाने आखूड. ही तपासणी बहुतेक वर्गांत होतच नाही, आणि गिऱ्हाइकाची पहिली तक्रार नेमकी हीच असते.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल धरा. अडीच मीटर कापड १६० रुपयांनी ४००, वाया जाणारे २०, दोरा, बटण आणि बक्रम (गळा ताठ ठेवणारे कापड) ३५. कापणे, शिवणे, काज-बटण, इस्त्री मिळून दोन तास; तासाला ८० रुपये, म्हणजे १६०. भाडे, वीज, मशीनची देखभाल ४०. एकूण ६५५. दुकान विक्रीवर ३० टक्के कमिशन घेते, म्हणून बऱ्याच जणी ६५५ वर ३० टक्के चढवून ८५० किंमत लावतात. कमिशन मात्र ८५० वर कापले जाते: २५५. हातात उरतात ५९५, म्हणजे प्रत्येक कुर्तीमागे ६० चा तोटा. कमिशन गेल्यावर किमतीचे ७० टक्केच हातात येतात, म्हणून ६५५ ला ०.७० ने भागा, ९३६ येतात. त्यातही नफा शून्य. शंभर रुपये नफा हवा तर ७५५ ला भागा, किंमत १०७९.

म्हणजे साडेतीनशेच्या कुर्तीशी टक्कर घेता येत नाही, हे तुमचेच म्हणणे आकड्यांनी सिद्ध होते. पण त्यावरून प्रशिक्षण व्यर्थ ठरत नाही, चुकीचा माल निवडला एवढेच ठरते. बाजारातली कुर्ती अंगाबरोबर करून देणे हेच मोठे काम आहे, आणि त्याला कापडात भांडवल घालावे लागत नाही. अस्तराचे ब्लाऊज, ख्रिस्ती लग्नातल्या ब्राइड्समेडचे एकसारखे ड्रेस, हॉटेलांचे गणवेश: इथे माप आणि सारखेपणा विकला जातो. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्याची चौकड्यांची कुणबी साडी पुन्हा चर्चेत आणली, त्यामुळे त्या चौकड्यांच्या कपड्यांनाही मागणी येते. फक्त किंमत ठरवताना बाजूच्या शिलाईवर चौकडे जुळवायला लागणारे जादा कापड धरा. न जुळलेले चौकडे लांबूनही दिसतात.

वर्गाच्या प्रमाणपत्राने काही साधत नाही, हा तुमचा राग समजतो. सहा महिन्यांच्या वर्गात हात बसतो, पॅटर्न बसत नाही. वेळ असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा शिवणकामाचा अभ्यासक्रम बरा.

पैशांचे म्हणाल तर कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे: अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत आणि पहिले कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांत फेडायचे. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो, तेव्हा अर्ज कोणी करायचा ते घरात आधी ठरवा. सगळे कर्ज मशीनमध्ये घालू नका. दुकानाकडून पैसे उशिरा येतात, हप्ता मात्र पावसाळ्यातही थांबत नाही. त्याच दिवसांत कापड दमट राहते, मशीनची बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) गंजते आणि पर्यटकांवर चालणाऱ्या दुकानांची मालाची उचल घटते. तोवर गणेश चवथीची शिलाई आणि दुरुस्तीची कामे हाताशी हवीत.