ड्रॉइंग ईमेल केलं तर म्हणे एक्सपोर्ट होत नाही!

काल रात्री भाच्याचा फोन. "मावशी, ग्रुपवर आलंय बघ, फाइल पाठवायला लायसन्स लागत नाही. मग पाठवून टाकू ना व्हॉल्व्हचं ड्रॉइंग?" भोसरीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे, पीटीएफई लाइन्ड (आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेले) व्हॉल्व्ह बनवतो, आणि बाहेरदेशची एक पार्टी गेले दोन आठवडे ड्रॉइंगसाठी मागे लागलीय. एक्सपोर्टच्या कागदांत माझी बावीस वर्षं गेलीत आणि हा विश्वास ठेवतोय कुणाच्या तरी फॉरवर्डवर, ज्याला खाली ना नाव ना गाव.

फॉरवर्डमधला पहिला मुद्दाच अफाट आहे. म्हणे एक्सपोर्ट म्हणजे कस्टम्समधून गेलेला माल, ईमेल म्हणजे नुसती माहिती. अरे, आपला 2005 चा डब्ल्यूएमडी कायदा, म्हणजे महासंहारक शस्त्रांबद्दलचा, उघडून बघा की, त्यात टेक्नॉलॉजीची व्याख्याच 'माहिती' अशी आहे, सॉफ्टवेअरमधली माहितीसुद्धा, फक्त जी आधीच सगळ्यांसाठी खुली आहे ती सोडून. आणि कलम 13 सांगतं की ज्या वस्तूची निर्यात बंद, तिचं तंत्रज्ञान देणंही बंद. पेटी बंदरावर गेली की नाही हा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत टेनेसी युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर जॉन रीस रॉथ, एअर फोर्ससाठी ड्रोनवरचं संशोधन करत होते. त्यांनी कुठे तोफा विकल्या होत्या? त्या कामाचा डेटा आपल्या चिनी आणि इराणी विद्यार्थ्यांना बघू दिला, लॅपटॉप घेऊन चीनला गेले, आणि 2009 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. सत्तरी ओलांडलेला माणूस. कायदा तिकडचा आहे मान्य, पण 'फाइल म्हणजे काही नाही' म्हणणाऱ्याने एवढं तरी वाचावं.

दुसरा मुद्दा, 'नागरी वापराच्या वस्तूला काही लागत नाही'. लागतं की! त्याच्याच व्हॉल्व्हचं घ्या. आतून फ्लोरोपॉलिमरचं, त्याच टेफ्लॉनच्या जातीचं, अस्तर, म्हणजे ॲसिड खात नाही, औषधांच्या कारखान्यात चालतो आणि विषारी वायू बनवणाऱ्यालाही नेमका तोच हवा असतो. म्हणून डीजीएफटीच्या, म्हणजे सरकारच्या विदेश व्यापार खात्याच्या, स्कोमेट यादीत (निर्यातीला परवाना लागणाऱ्या वस्तूंची यादी) रसायनांच्या यंत्रसामग्रीत असले व्हॉल्व्हही येतात. सगळे नाही येत, साइज आणि मटेरियल बघावं लागतं, पण बघावं लागतं ना?

'हे नियम सरकारी कंपन्यांना' हा तिसरा. जपानच्या तोशिबाची उपकंपनी तोशिबा मशीन काय सरकारी होती? कागदावर साधी मशीन दाखवून सोव्हिएत युनियनला पाणबुडीचे पंखे घडवणाऱ्या मिलिंग मशिनी विकल्या, 1987 मध्ये ते बाहेर आलं तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेबाहेर तोशिबाचा रेडिओ हातोड्याने फोडला. तमाशाच होता तो, पण तोशिबाच्या चेअरमनला आणि प्रेसिडेंटला खुर्च्या सोडाव्या लागल्या.

वासेनार, म्हणजे शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यातीवरचा देशादेशांतला करार, बंधनकारक नाही म्हणतात, ते बरोबर आहे. पण आपण 2017 च्या डिसेंबरात त्यात गेलो आणि त्याच्या याद्या आपल्याच स्कोमेटमध्ये आहेत, आणि स्कोमेट बंधनकारक आहे. संपलं.

राहिला शेवटचा, 'हे सगळं भारताला दाबायला केलंय'. इथे मात्र मला गप्प बसावं लागतं, थोडंसं. रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावरच्या) इंजिनाच्या वेळी दाबलंच होतं. 1992 मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लावले, पुढच्या वर्षी रशियाने तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, नुसती तयार इंजिनं दिली, आणि आपलं स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन जीएसएलव्ही रॉकेटवर नीट उडायला 2014 उजाडलं. तो राग मलाही आहे. पण त्या रागापायी माझ्या भाच्याने कायदा मोडावा हे कुठलं लॉजिक?

त्याला एकच विचारलं, माल कोण वापरणार, कशासाठी, हे पार्टीने लिहून दिलंय का? म्हणाला, "ते म्हणाले आधी ड्रॉइंग पाठवा, फॉर्म नंतर भरू."

मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. सकाळी दोनदा विचारून घेतलं.